दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव आणि पाच मिलिमीटरची पकड

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्ट डिझाइन शिकून शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या क्षेत्रात येणारी मुलं बहुधा मुठीपासून सुरुवात करतात. क्लेची झकास मूठ घडवतात, तिचे रेंडर (कॉम्प्युटरवरची चित्रं) काढतात आणि जबडा, म्हणजे रक्तवाहिनी पकडणारं टोक, ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. हा क्रम उलटा करा. रक्त थांबतं ते जबड्यात. मूठ म्हणजे त्या जबड्याला बळ पुरवणारी तरफ.

उदाहरणाला बायपोलर व्हेसल सीलर घेऊ, म्हणजे जबड्याच्या दोन बाजूंमधून करंट देऊन रक्तवाहिनी बंद करणारं उपकरण. पोटावरच्या पाच मिलिमीटरच्या पोर्टमधून (छिद्रात बसवलेल्या नळीतून) आत जाणारी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब दांडी, टोकाला जबडा, मधोमध सरकणारं पातं. सर्जन रक्तवाहिनी चिमटीत धरतो, करंट देतो, दोन-चार सेकंदांत भिंती एकमेकींना चिकटतात, मग पातं मधून कापतं. भिंतीतलं कोलॅजन (तंतुमय प्रथिन) साधारण ६० ते ६५ अंशांपासून विरघळू लागतं. त्या वेळी दाब नीट असेल तरच दोन्ही भिंतींचं मिळून एकच पापुद्र्यासारखं सील होतं. शंभरच्या पुढे पाणी उकळतं, आणखी तापवलं की कोळसा. दाब कमी पडला, तर वाहिनीत उरलेलं रक्त उष्णता शोषतं आणि भिंती नुसत्या वाळतात. सर्जनला सील झाल्यासारखं दिसतं आणि थोड्या वेळाने ते सुटतं.

आता आकडे मांडा. जबड्याची पकड २० मिमी लांब, ३ मिमी रुंद, म्हणजे ०.६ चौरस सेंटिमीटर. सीलसाठी दर चौरस सेंटिमीटरला ३ ते १६ किलो दाब वापरतात. ८ धरला तर जबड्यावर ४.८ किलो. हे बळ खिळीपासून सरासरी १२ मिमीवर आणि ओढणारी पिन खिळीपासून जेमतेम २ मिमीवर, कारण नळीत त्याहून जागाच नाही. एक जबडा स्थिर ठेवला तरी ओढदांडीत जवळजवळ २९ किलोचा ताण येतो. दीड मिलिमीटरची स्टीलची दांडी तो सोसते, पण ३५ सेंटिमीटर लांबीत सुमारे ०.३ मिमी ताणली जाते. कॅडमध्ये ‘बंद’ दिसणारा जबडा चाचणीच्या टेबलावर अर्धवट उघडा का राहतो, त्याचं एक कारण हेच. हे ताणलं जाणं मुठीच्या चालीत आधीच धरा. दांडी ओढून जबडा मिटेल अशी रचना करा. ढकलून मिटवायला गेलात तर बारीक दांडी नळीत वाकते.

मुठीचा गुणक (तरफेमुळे बळ किती पट होतं तो आकडा) ६ ठेवला तर बोटांवर पाच किलोच्या आसपास, वर घर्षण वेगळं. गुणक वाढवला की ट्रिगर लांब ओढावा लागतो: दांडीची चाल ३ मिमी असेल तर ट्रिगर १८ मिमी. साडेसहा नंबरचा ग्लोव्ह घालणाऱ्या सर्जनच्या बोटाला इथेच पेच पडतो. म्हणून नमुना साडेसहा आणि आठ, दोन्ही नंबरच्या हातांत द्या.

शिवाय जबड्यातला दाब सर्जनच्या जोरावर सोडायचा नाही. कुणी हळू दाबेल, कुणी चिडून. मुठीत आधीच दाबलेली स्प्रिंग बसवा, म्हणजे ठरलेल्या बळानंतर ट्रिगर पुढे गेला तरी जादा ओढ दांडीकडे जात नाही, आणि रॅचेटने (मागे न सरकणाऱ्या दातेरी कडीने) ती जागा धरून ठेवा.

दोन जबड्यांतलं अंतर हा सगळ्यात त्रासदायक भाग. ते साधारण ०.०३ ते ०.१५ मिमी हवं. धातू धातूला टेकला की शॉर्ट होतं, करंट पुरवणारा जनरेटर थांबतो किंवा चुकीचं वाचतो. म्हणून एका जबड्यावर सिरॅमिकचे तीन-चार ठिपके अडसर म्हणून ठेवतात. तरीही पहिला नमुना बहुतेक वेळा मुळाशी घट्ट आणि टोकाशी सैल निघतो, कारण खिळ मागे आणि जबडा लवचिक. उपाय जुना आहे. जबड्याला किंचित बाक द्या, टोक आधी टेकेल आणि जोर वाढला की पूर्ण लांबी सपाट बसेल. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मुळाशी, मध्ये आणि टोकाशी मोजा, एकाच ठिकाणी नको.

पात्याबाबत एक नियम पक्का: कापणं सीलच्या आत संपलं पाहिजे. सील २० मिमी असेल तर पातं १८ वर थांबवा, नाहीतर टोकाशी कच्ची वाहिनी कापली जाते. जबडा उघडा असताना पातं सुटू नये म्हणून लॉक हवा. पात्याच्या खाचेत कोळसा साचून ते अडकतं, हेही चाचणीत मुद्दाम घडवून बघा. उष्णता बाजूला पसरते ती वेगळी. गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयाच्या रोहिणीखालून मूत्रवाहिनी जाते, तिथे दोन मिलिमीटर कमीजास्त म्हणजे थट्टा नाही.

चाचणीला खाटकाकडून बकऱ्याची अख्खी मान मागा, तोडून देऊ नका म्हणून सांगा. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड रोहिणी मिळते, तिला फाटे कमी. मिठाच्या पाण्यात थंड ठेवून त्याच दिवशी वापरा. व्यास मोजायला वाहिनी चपटी करून रुंदी घ्या, दोनाने गुणा आणि पायने (३.१४) भागा: ११ मिमी रुंदी म्हणजे ७ मिमी व्यास. सील करून दुसऱ्या टोकाने सिरिंज पंपाने सलाइन भरा आणि फुटताना दाब नोंदवा. सिस्टॉलिक (वरच्या) रक्तदाबाच्या, १२० च्या तिप्पट, म्हणजे ३६० मिमी पाऱ्याच्या वर टिकायला हवं. आधी टोकाची गाठ गळत नाही ना ते पाहा. निम्मी ‘अपयशं’ तिथलीच निघतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये निरीक्षणाला गेलात तर पोटातला वायू सोडेपर्यंत थांबा. आत १२ ते १५ मिमी पाऱ्याचा दाब असतो, तो बारीक नीलांना मिटवून धरतो. दाब उतरला की त्या वाहू लागतात, म्हणून सर्जन शेवटी दाब कमी करून पुन्हा पाहतात. नंतर सीएसएसडीत, म्हणजे उपकरणं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात जा. १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये इन्सुलेशन कुठे उचकटतं, सांध्यात रक्त कुठे वाळून बसतं, हे धुणारी माणसं बोट ठेवून दाखवतात.

कागदपत्रांत आयएसओ १४९७१ (वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीचं मानक) ची जोखीम-यादी पहिल्या स्केचपासून लिहा. आयईसी ६०६०१-२-२ हे मानक इलेक्ट्रोसर्जरीला (करंट वापरून होणाऱ्या शस्त्रक्रियेला) लागू, तर भारतात परवान्यासाठी २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या बेटिकसारख्या (वैद्यकीय उपकरणं घडवणाऱ्या केंद्रासारख्या) ठिकाणी डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच टेबलावर बसतात. अर्जासोबत रेंडर पाठवण्यापेक्षा फुटलेल्या दहा सीलचा तक्ता पाठवा, त्यात कुठलं का फुटलं ते लिहून.