धंद्याचा रोजमेळ लिहिता ना, मग स्वतःचा पण लिहा

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवीन वही आणतो, हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर श्री लिहितो आणि मग वर्षभर तिच्यात फक्त पैसे लिहितो, म्हणजे रोजमेळ, रोजचा जमाखर्च. माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं, म्हणजे गेट-ग्रिल बनवायचं, छोटं वर्कशॉप आहे, 6 माणसं कामाला, आणि गेली 2 वर्षं मी अजून एक वही ठेवतोय जिच्यात स्वतःचा हिशोब लिहितो. धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं असं मनापासून वाटतं म्हणून कसं करायचं ते सांगतो.

वही साधी 100 पानी घ्या. मोबाईलमध्ये नका लिहू, मोबाईल उघडला की पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, मेसेज दिसतो आणि झालं, परत धंद्यात शिरलात. शटर ओढायच्या आधी 10 मिनिटं, दिवसाचा खर्च टिपून झाला की लगेच. पान मधोमध दुमडायचं, रोजमेळासारखं डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आज माझ्या वागण्याने काय नीट झालं ते जमेला, माझ्यामुळे काय बिघडलं ते नावे.

"आज चिडचिड झाली" असं लिहून काही उपयोग नाही, महिन्याने वाचलं तर काहीच कळत नाही. किती वाजता, कोणासमोर, नेमकं काय बोललो, त्याच्या आधी काय झालं होतं, हे लिहायचं. माझं एक पान असं आहे: "सकाळी सव्वाअकरा. गेट मापात 2 इंच कमी. वेल्डरला सगळ्यांसमोर बोललो. त्याला कालच कळलं होतं, सांगितलं नाही." शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला, कारण त्याने का नाही सांगितलं ते मला माहीत होतं.

महिनाअखेरीला अर्धा तास काढा, मी गुरुवारच्या सुट्टीला बसतो, आणि नावेची बाजू सलग वाचा. मी 3 महिन्यांची पानं एकदम वाचली तर सगळा आरडाओरडा 5 ते 10 तारखेच्या मधला. का, तर 10 ला पगार. पगाराला पैसे का कमी, तर दोन-तीन पार्ट्यांकडे बिलं अडकलेली. बिलं का अडकली, तर मी फोनच करत नव्हतो, मागायची लाज वाटायची, पुढचं काम जाईल अशी भीती. बरं माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आणि छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्याने पार्टीला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे सगळं मला पाठ होतं, तरी फोन उचलत नव्हतो आणि बोलणी वेल्डर खात होता.

म्हणून "का" एकदा विचारून थांबू नका, तीन-चारदा विचारा. कधी चूक खरंच समोरच्याची असते, तेव्हा तसंच लिहा, स्वतःला उगाच झोडपायला ही वही नाहीये.

मग महिन्याला एकच गोष्ट बदलायला घ्या. मी घेतली ती सोमवारी सकाळी 11 ला उधारीचे फोन. पहिल्या फोनला माझा आवाज कापत होता, आणि समोरचा म्हणाला, "अहो चेक कधीचा तयार आहे, तुम्ही आलाच नाहीत."

सगळ्यात अवघड काम म्हणजे आपल्या माणसांना विचारणं की मी कुठे चुकतो. एकेकट्याला विचारा, चहा घेताना. सुरुवातीला सगळे "काही नाही शेठ, बरोबर आहे सगळं" म्हणणार, सोडून द्या, महिन्याने परत विचारा. आणि कोणी बोललाच तर खुलासे द्यायचे नाहीत, ऐकायचं आणि संध्याकाळी वहीत लिहायचं. आमचा वेल्डर तिसऱ्या वेळी बोलला, खाली बघत, दोनच वाक्यं. त्यानंतर एका सकाळी तो स्वतःहून टेबलापाशी आला, "शेठ, ग्रिलचं एक माप चुकलंय माझ्याकडून, प्रायमर मारायच्या आधी बघून घ्या." त्या दिवशी जमेला तेवढंच लिहिलं.