पेढा आणि पार्किन्सनची गोळी

आमच्या मामाजींना पार्किन्सन आहे. गोडाची तलफ भारी, आणि पेढा हवा तो नेमका गोळीसोबत. पण दुधातलं प्रथिन लेव्होडोपाच्या, म्हणजे त्या गोळीतल्या औषधाच्या, आड येतं, गोळी नीट लागू पडत नाही. मग आम्ही असं जमवलं:

१. गोळी नुसत्या पाण्यासोबत, जेवणाच्या अर्धा तास आधी.
२. तलफ आली की संत्र्याच्या फोडी, वरची साल अन् बिया काढून, म्हणजे ठसका लागत नाही. संत्री नसली की भिजवून कुस्करलेले दोन खजूर. बद्धकोष्ठालाही बरे.
३. पेढा बंद नाही! गोळीनंतर तासाभराने, एकच. डबा सासूबाईंच्या ताब्यात.

गोड खाणं अचानक आवरेनासं झालं तर डॉक्टरांना सांगा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या पार्किन्सनवरच्याच दुसऱ्या गोळ्यांनीही तसं होऊ शकतं. गोळी मनाने बंद करू नका.