हिरवा चाफा शोधायचा तर नाक सोबत घ्या

डिचोलीला आजोळच्या परसात, विहिरीच्या काठाला हिरवा चाफा होता. आजी त्याचं फूल ट्रंकेतल्या लुगड्यांत ठेवायची. लुगडं उलगडलं की पिकल्या फणसासारखा वास माजघरभर. पुढे घर मोडलं, विहीर बुजली आणि चाफा शोधण्यात माझी तीन वर्षं गेली.

त्यातली दोन एका नर्सरीने खाल्ली. हिरवा चाफा म्हणून घेतलेलं रोप पागोळीच्या वर गेलं आणि त्याला लोंबत्या, अरुंद पाकळ्यांची फुलं लागली. तो निघाला इलंग-इलंग, वेगळंच झाड! वास छान, पण आजीच्या ट्रंकेतला नव्हे.

तेव्हा फूल बघितल्याशिवाय रोप घेऊ नका. खऱ्याच्या पाकळ्या सहा, जाडसर, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. देठ चाचपून बघा. तो गळासारखा वाकडा नि टणक लागतो. त्याच गळाने हा वेल शेजारच्या फांदीला धरून वर चढतो. असा गळ सोनचाफ्याला नाही, कवठीला नाही, इलंग-इलंगलाही नाही.

शोधायला मे महिन्यात, उन्हं उतरल्यावर निघा. फूल हिरवं असतं तोवर पानांत दडलेलं, वासही नाही. पिवळसर होऊ लागलं की घमघमतं. सावईवेऱ्याला एका कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, गडग्याजवळून मी वर बघत दोनदा गेले, तिसऱ्यांदा वासाने थांबवलं. विचारायचं तेही म्हाताऱ्या बायकांना, आणि नुसतं ‘चाफा’ म्हणून नको, देवचाफा दाखवतात. मी म्हटलं, “लुगड्यांत ठेवायचे तो.” आजीबाई हसल्या, “तो होय! काटे लागतात म्हणून तोडायलाच निघालाय मुलगा.”

फळांचा घोस पिवळा झाला असेल तर बिया मागा आणि ताज्याच पेरा. उगवायला महिने लागतात, कुंडी रिकामी समजून उलटी करू नका. मला एवढा धीर नव्हता, मी पावसाच्या तोंडावर गुटी बांधली: पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओला शेवाळ गुंडाळायचा, वरून प्लॅस्टिक. वरची गाठ घट्ट हवी. माझी एक सैल राहिली, पाणी शिरून गुटी कुजली. दुसरीला प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली तेव्हाच कापली.

ती आता न्हाणीच्या भिंतीला चढलीय. तुम्ही लावाल तेव्हा वाट सोडून लावा; जुन्या खोडाचे काटे पदर सोडत नाहीत.