तळ्यात उतरण्याआधी

मे महिन्यात भाचरं मालवणात आली की तळ्यावर न्या म्हणून मागे लागतात. मी आधी एकटी जाऊन येते. काचेच्या बरणीत पाणी घेऊन उजेडात धरते. वर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर पोहणं बंद. त्या निळ्या-हिरव्या शेवाळात विष असू शकतं. मग काठाने फिरून सांडपाणी येतंय का, गुरं धुतात का ते बघते. पावसाळ्यात तर कुणालाच उतरू देत नाही. आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरां-गुरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या तापाची, भीती खरी आहे, टाचेची एक चीरही पुरते.

नितळ पाण्यातही जंतू असतात, म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्याच. १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कॉलिफॉर्म नावाचे जंतू ५०० च्या आत हवेत. २५०० च्या वर गेले तर पायसुद्धा बुडवू नका.