बँकेच्या लिलावातला फ्लॅट: बोलीआधीची तयारी

लिलावाची जाहिरात हातात आली की राखीव किमतीकडे, म्हणजे ज्याखाली बोली लागत नाही त्या आकड्याकडे, नंतर बघा, आधी ताबा कोणता आहे ते वाचा. सरफेसी कायद्याखालच्या (बँकेला थकीत कर्जापोटी गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) नोटिशीत ‘सांकेतिक’ की ‘प्रत्यक्ष’ हे लिहिलेलं असतं. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर बँकेचा कागद डकवलाय, पण आत कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू राहतोच आहे. त्याला बाहेर काढण्यासाठी कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. त्यात महिने जातात आणि तोवर तुमचे पैसे अडकून पडतात. पहिलीच खरेदी असेल तर प्रत्यक्ष ताब्यातलंच घर घ्या, कितीही स्वस्त दिसलं तरी दुसरं नको.

मग नोटिशीच्या तारखा मोजा. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस लागते, फेरलिलावाला १५ दिवसांची. हे बँकेचं काम, तुम्ही कशाला मोजायचं, असं वाटेल. पण नोटिशीत खोट निघाली तर कर्जदार कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जातो आणि झालेली विक्रीसुद्धा रद्द होऊ शकते. त्यामुळे डीआरटीत अर्ज किंवा स्थगिती आहे का, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे लिलाव हाताळणाऱ्याला, ईमेलवर विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, सूची क्रमांक २ चे (नोंदणी झालेल्या व्यवहारांचे) उतारे काढा आणि दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का ते सरसाईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, तपासा.

पाहणीच्या दिवशी बॅटरी आणि मोजपट्टी बरोबर असू द्या, कारण बंद घराची वीज बहुतेक वेळा तोडलेली असते. करारातलं कार्पेट क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजा. कधीकधी शेजारचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले असतात आणि गहाण त्यातला एकच असतो. स्वयंपाकघर एका नंबरात, बाथरूम दुसऱ्या नंबरात, असं घर घेतलं की भिंत बांधण्यापासून नळजोडणीपर्यंत सगळा खर्च तुमचा.

खाली उतरल्यावर मीटरच्या खोलीत जा. त्या फ्लॅटचं मीटर जागेवर आहे का, की नुसत्या वायरी लोंबताहेत? मीटर काढून नेलं असेल तर ग्राहक क्रमांक मिळवून जुनी थकबाकी विचारा. ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मान्य केलंय. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलेली असते, तीही वाचा. पण आकडा सेक्रेटरीकडून लेखीच घ्या, व्याजासकट. महापालिकेचा मालमत्ता कर वेगळा. विक्री ‘जसं आहे, जिथं आहे’ या अटीवर होते, त्यामुळे ही सगळी थकबाकी बोलीच्या हिशेबात आधीच धरा.

आता पैसे. राखीव किंमत ४० लाख असेल तर ईएमडी (बोलीआधी भरायची अनामत) साधारण १० टक्के, म्हणजे ४ लाख. बोली ४६ लाखांना सुटली तर २५ टक्के म्हणजे साडेअकरा लाख त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत भरायचे. ईएमडी वजा जाता साडेसात लाख. उरलेले साडेचौतीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ मिळाली तर लेखीच मिळते, तीही जास्तीत जास्त ३ महिन्यांची. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. गृहकर्जावर भिस्त असणारे नेमके इथे अडकतात, कारण १५ दिवसांत कर्जाचा चेक हातात येईलच असं नाही. मंजुरीपत्र हातात नसेल तर ईएमडी भरू नका.

शिवाय मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे या उदाहरणात २ लाख ७६ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. किंमत ५० लाख किंवा वर गेली तर १ टक्का टीडीएस कापायचा असतो. तो कोणाच्या पॅनवर, हे बँकेकडून आधीच लेखी घ्या.

बोली कुठे थांबवायची तो आकडा आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा. ई-लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते आणि त्या वाढीव वेळेतच माणसं हिशेबाबाहेर जातात. लिलाव जिंकल्यावर बँक देते त्या सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, नाव, फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ नोटिशीशी जुळतंय का ते बँकेतच बसून तपासा. मूळ करार, शेअर सर्टिफिकेट आणि चाव्या यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्या. कुलूप त्याच दिवशी बदला.