टू बीएचकेमध्ये घर आणि ऑफिस दोन्ही कसं बसवावं

टेबल घ्यायची घाई करू नका. आधी घरातल्यांचा दिवस कागदावर मांडा. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कोण कुठल्या खोलीत असतं, आजोबा दुपारी कुठे पडतात, टीव्ही कधी लागतो, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरची वेळ कोणती, धुणंभांड्याला ताई कधी येतात. घर पुरत नाही असं वाटतं, ते बऱ्याचदा एकाच वेळी एकाच खोलीत दोघांना वेगवेगळं काही हवं असतं म्हणून. हे कागदावर लगेच दिसतं.

मग मापं घ्या, आणि ती स्वतः टेप लावून. रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार कार्पेट एरियामध्ये, म्हणजे करारात लिहिलेल्या आतल्या क्षेत्रफळात, घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात, त्यामुळे वापरायची जागा कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच भरते. चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट धरून खोली काढा. दार कुठल्या बाजूला उघडतं, प्लग पॉइंट कुठे आहेत, कॉलम किती पुढे आलाय, तेही दाखवा.

कामाची जागा ठरवताना दाराला पहिला मान द्या. रोज कॉल असतील तर हॉलचा कोपरा कितीही देखणा असला तरी तिथे बसू नका, घरच्यांनाही कुजबुजत वावरावं लागतं. बेडरूमच घ्या.

समजा ती दहा बाय दहाची आहे. पाच फुटी पलंग एका भिंतीला सरकवला की समोर पाच फूट उरतात: दोन फूट रुंदीचं टेबल आणि खुर्ची मागे सरकायला तीन फूट. बसतं, पण नेमकं बसतं. पलंग साडेसहा फूट लांब, त्याच्या पायथ्याशी दोन फुटी कपाट ठेवलंत तर मधे दीडच फूट राहतो आणि कपाटाचं दार अडतं. कपाट दुसऱ्या खोलीत न्या.

हे खरं वाटत नसेल तर जुनी वर्तमानपत्रं टेबलाच्या मापाची जोडून फरशीवर चिकटवा. दोन दिवस त्यांच्या कडेनं वावरा, केर काढा, दार उघडा-मिटा. पाय कागदावर पडत असेल तर टेबलही तिथे अडणारच.

खिडकी टेबलाच्या बाजूला हवी. पाठीशी आली तर स्क्रीन चमकते, समोर आली तर डोळे दुखतात. उत्तरेचा उजेड सर्वांत सोसवतो. पश्चिमेच्या खिडकीला टेबल लावू नका: मे महिन्यात दुपारनंतर बसवत नाही, आणि मुंबई-कोकणात पावसाची झड थेट आत येते.

टेबलाची उंची साधारण 29-30 इंच. वायर चालायच्या वाटेत नको; एक्स्टेंशन ओढण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून तिथेच पॉइंट काढून घ्या.

भिंत पाडायचा विचार असेल तर थांबा. जुन्या बिनकॉलमच्या इमारतीत साध्या विटांच्या भिंतीही वरचं वजन पेलतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची आणि लागत असेल तर पालिकेची लेखी परवानगी घ्या, आणि मगच सुताराला आगाऊ रक्कम द्या.