दंड भरला म्हणजे केस मिटली असं नसतं: वकिलीच्या सनदेच्या फॉर्मात जुनी केस कशी लिहायची, आणि लपवली असेल तर पुढे काय

दरवर्षी लॉचे रिझल्ट लागले की माझ्याकडे दोन-तीन पोरं तरी येतातच आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, सर सनदेच्या फॉर्ममध्ये विचारलंय तुमच्यावर कधी केस झालीय का, माझ्यावर एक फालतू केस होती पण ती मिटली, मग "नाही" लिहू ना? नका लिहू. का ते सांगतो आणि त्याजागी काय लिहायचं तेही सांगतो. मी तालुका कोर्टात फौजदारी करतो त्यामुळे भाषा थोडी कोर्टाची येईल, सांभाळून घ्या.

आधी हे "मिटली" म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ इथंच होतो. पोलिसांनी बी समरी (फिर्यादच खोटी असल्याचा अहवाल) पाठवली आणि कोर्टाने ती मंजूर केली तरी आपण म्हणतो मिटली, हायकोर्टात एफआयआर क्वॉश (रद्द) झाली तरी मिटली, फिर्यादीशी तडजोड झाली तरी मिटली, साक्षीदार फिरले आणि निर्दोष सुटलो तरी मिटली. आणि गुन्हा कबूल करून दंड भरला तरी मिटलीच. पण या शेवटच्या प्रकारात मिटलेलं काहीच नसतं, कबुली देऊन दंड भरला म्हणजे शिक्षा झाली, कन्व्हिक्शन झालं, मग दंड पन्नास रुपये असो नाहीतर पाच हजार.

मागे एक पोरगा आला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत वेळ संपल्यावरही डीजे चालू ठेवला म्हणून मंडळाच्या अकरा जणांवर केस झालेली, हा तेव्हा एकोणीस वर्षांचा. तारखेला सगळ्यांना ओळीने उभं केलं, साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, कुणीतरी आधीच कानात सांगितलेलं की हो म्हण आणि मोकळा हो, हा हो म्हणाला, दंड भरला, बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि घरी गेला. ती दंडाची पावती त्याने चक्क लॅमिनेट करून ठेवली होती, का तर त्याला वाटत होतं ती सुटल्याची पावती आहे! मी म्हटलं नक्कल, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, काढ आधी. नक्कल आली त्यात स्वच्छ लिहिलेलं, आरोपी क्रमांक ७ याने गुन्हा कबूल केल्याने त्यास दोषी धरण्यात येते. पोरगं दोन मिनिटं काही बोललंच नाही.

पण घाबरायचं कारण नाही, कारण शिक्षा झाली म्हणून सनद मिळत नाही असा सरसकट नियम नाहीये. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम २४अ काढून वाचा, पाऊण पानाचं आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, अस्पृश्यतेच्या १९५५ च्या कायद्याखाली (आता त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात) शिक्षा झाली असेल, किंवा तसल्याच आरोपावरून सरकारी नोकरीतून काढून टाकलं असेल, तर नाव वकिलांच्या पटावर घेत नाहीत. तेही कायमचं नाही, सुटल्यापासून किंवा काढल्यापासून दोन वर्षं झाली की ही आडकाठी जाते. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टखाली (शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर वगैरे) सोडलं असेल तर हे कलम लागतच नाही. आणि नुसती केस चालू आहे, निकाल नाही, ही गोष्ट या कलमात अपात्रता म्हणून कुठेच लिहिलेली नाही.

आता नैतिक अधःपतन म्हणजे काय, तर कायद्यात व्याख्या नाही, कोर्टाच्या निकालांतून बघावं लागतं. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य, १९९६, सुप्रीम कोर्ट. माणसाने आयपीसी (जुनी दंड संहिता) २९४ मध्ये, म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वागण्याच्या कलमात, गुन्हा कबूल केला, दंड किती तर २० रुपये, आणि त्यावरून सरकारी नोकरी गेली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या २९४ च्या शिक्षेवरून नैतिक अधःपतन झालं असं म्हणता येणार नाही, आणि वर संसदेला सुचवलं की समरी ट्रायलमधल्या (झटपट चालणाऱ्या छोट्या खटल्यांतल्या) दोनेक हजारांपर्यंतच्या दंडाने माणसाचं करिअर संपू नये अशी काहीतरी सोय करा. "कटकट नको" म्हणून लोक कबूल करतात, हे कोर्टालाही माहितीय.

म्हणजे डीजेवाल्या पोराची मूळ केस सनदेच्या आड येण्याइतकी मोठी नव्हतीच. पण त्याने फॉर्मात "नाही" लिहिलं असतं आणि खाली सही करून ॲफिडेव्हिट जोडलं असतं तर विषय डीजेचा राहिला नसता, खोट्या प्रतिज्ञापत्राचा झाला असता. अपात्रता वेगळी आणि सांगण्याची जबाबदारी वेगळी, हे दोन खण डोक्यात वेगळे ठेवा.

तर करायचं काय. फॉर्म हातात घ्यायच्या आधी कागद गोळा करा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतःच्या नावाने शोधा, सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक, १६ अक्षरी असतो) सापडला तर अर्धं काम झालं, नाही सापडला तर ज्या पोलीस ठाण्याची केस त्या हद्दीच्या कोर्टात जाऊन नक्कल विभागात अर्ज टाका. काय काय मागायचं: एफआयआर, चार्जशीट, निकालपत्र आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद). रोजनामा विसरू नका, कारण कबुलीच्या केसमध्ये कधीकधी वेगळं निकालपत्र हाताला लागत नाही आणि सगळं रोजनाम्यातच असतं. रेकॉर्ड जुनं म्हणून नष्ट झालं असेल तर तसा शेरा लेखी घ्या, तोंडी "नाहीये इथे" चालत नाही.

मग प्रश्न शब्द न् शब्द वाचा. शिक्षा झाली आहे का, खटला चालला आहे का, खटला प्रलंबित आहे का, अटक झाली आहे का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाने पहिल्याला "नाही" लिहिलं तर बरोबर, दुसऱ्याला "नाही" लिहिलं तर खोटं. प्रोबेशनवर सुटलेल्यांनी पण सांभाळून लिहा, २४अ लागत नाही म्हणून दोषी धरलंच नाही असं होत नाही. अठरा वर्षांच्या आतली केस असेल तर ज्युवेनाईल जस्टिस ॲक्ट २०१५ चं कलम २४ आहे, त्याने अपात्रता लागत नाही आणि रेकॉर्डही ठराविक काळाने नष्ट करायचं असतं, फक्त सोळा ते अठरामधल्या ज्या पोरांना मोठ्या माणसासारखं चालवलं त्यांचं वेगळं, तशांनी स्वतः ठरवू नका, कुणाला तरी कागद दाखवा.

लिहिताना गोष्ट सांगू नका. मी त्या पोराला असं लिहून दिलं होतं: "होय. अमुक पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर अमुक, कलम अमुक. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अमुक यांच्या कोर्टात समरी केस नंबर अमुक. मी अमुक तारखेला गुन्हा कबूल केला, मला पाचशे रुपये दंड झाला, तो मी त्याच दिवशी भरला. रोजनामा व पावतीची प्रत सोबत जोडली आहे. याशिवाय माझ्यावर कोणतीही केस नव्हती व नाही." बस. मला गोवलं, मी लहान होतो, मित्रांमुळे झालं, हे सगळं सुनावणीला विचारलं तर बोला. आणि ते शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, नाहीतर तेच गळ्यात येतं.

अजून एक, कॉलेजात काय लिहिलं होतं ते आठवा. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांची देशपातळीवरची संस्था, राज्याराज्यांत तिच्याखाली स्टेट बार कौन्सिल असतात) लॉ कॉलेजांना सर्क्युलर काढलं की शेवटची मार्कशीट आणि डिग्री देण्याआधी विद्यार्थ्याकडून एफआयआर, चालू केस, शिक्षा, निर्दोष मुक्तता सगळ्याचं डिक्लेरेशन घ्या. कॉलेजला एक आणि बार कौन्सिलला दुसरं असं झालं तर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला कुणाला वेळ लागत नाही.

बाहेर झाडाखाली बसलेला कुणी एजंट म्हणाला की केस असेल तर वरचे एवढे लागतील, तर सरळ उठून या. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एनरोलमेंटची (वकील म्हणून नोंदणीची) फी कायद्यातल्या आकड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, खुल्या गटाला ७५० आणि एससी-एसटीला १२५. केसवाल्यांचं वेगळं रेटकार्ड नसतं. आणि अर्ज नाकारायचा असेल तर ते कुणी खिडकीवरचा माणूस ठरवत नाही, ॲडव्होकेट्स ॲक्टच्याच कलम २६ प्रमाणे एनरोलमेंट कमिटीला कारणांसकट प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मतासाठी पाठवावं लागतं. इथे नाही जमलं तर कर्नाटकातून सनद काढू, ही आयडिया पण डोक्यातून काढा, एका राज्याने नाकारलेल्याला दुसरं राज्य नाकारणाऱ्या कौन्सिलच्या आणि दिल्लीच्या (म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या) लेखी संमतीशिवाय घेऊ शकत नाही, कलम २७.

आता ज्यांनी आधीच लपवलंय त्यांच्यासाठी. तक्रार बहुतेक वेळा कोण करतं माहितीय? भावकी. बांधाचा वाद सुरू होतो, तुम्ही काळा कोट घालून स्वतःच्याच दाव्यात उभे राहता, आणि चुलतभावाला बरोबर आठवतं की २०१५ ला याला जुगारात पकडला होता, जुगार कायद्याच्या १२ अ मध्ये दंड भरलेला. तो नक्कल काढतो आणि पाठवून देतो. म्हणून तक्रार व्हायच्या आत स्वतःहून स्टेट बार कौन्सिलला अर्ज करा, ॲफिडेव्हिटसकट, काय झालं, का लिहिलं नाही, आता सगळे कागद जोडतोय. पण तो अर्ज स्वतः खरडू नका. खोट्या शपथपत्राचं प्रकरण फौजदारीही आहे (पूर्वी आयपीसी १९३, १९९, आता बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता २२९, २३६), त्यामुळे तुमचा प्रत्येक शब्द उद्या तुमच्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. मीही माझी स्वतःची केस चालवली नसती.

नोटीस आलीच तर ती कुठल्या दाराने आलीय ते बघा. कलम ३५ ची असेल तर गैरवर्तनाची, राज्याच्या शिस्तपालन समितीपुढे, तीन जण असतात. तक्रार फेटाळणं, समज देणं, काही काळ सनद निलंबित करणं किंवा नाव काढून टाकणं, हे चार प्रकार होऊ शकतात. तक्रार मिळाल्यापासून वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला जातं, कलम ३६ब. दुसरं दार कलम २६ च्या परंतुकाचं (कलमाला जोडलेल्या 'परंतु'च्या भागाचं) आणि ते जास्त वाईट, तिथे प्रश्न एवढाच की महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून किंवा फसवून नाव पटावर लावून घेतलं का, आणि उत्तर हो आलं तर बार कौन्सिल ऑफ इंडिया नावच काढू शकते, फक्त आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

उत्तरात माहितीच नव्हती असं खोटं लिहू नका, सही तुमची असते. खरंच कळलं नव्हतं, दंड म्हणजे शिक्षा हे माहीत नव्हतं, तर तसंच लिहा आणि ती लॅमिनेट केलेली पावती जोडा. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल वाचा, तो नोकरीतल्या व्हेरिफिकेशन फॉर्मचा आहे, सनदेचा नाही, पण मुद्दे कामाला येतात: प्रश्न मोघम होता का, माणसाला ती गोष्ट माहीत होती का, गुन्हा किरकोळ होता का आणि वय काय होतं. सनद मिळाल्यानंतर शिक्षा झाली तर काय, असं पण विचारतात, त्याला महिपाल सिंग राणा, तोही २०१६ चाच, तिथे सुप्रीम कोर्टाने २४अ खाली दोन वर्षं आणि गैरवर्तनाबद्दल पुढची पाच वर्षं सनद निलंबित केली.

तारखेला जा. एकतर्फी ऑर्डर झाली की पुढचं सगळं दुप्पट अवघड होतं. राज्याच्या समितीची ऑर्डर विरुद्ध गेली तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत अपील, कलम ३७, तिथेही हरलात तर सुप्रीम कोर्टात पुन्हा ६० दिवस, कलम ३८. नुसतं अपील टाकून ऑर्डर थांबत नाही, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागतो. आणि दिवस मोजायचे ते ऑर्डर तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून, म्हणून पोस्टाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का दिसेल असा फोटो काढा आणि पाकीट फाईललाच टाचून ठेवा.